पायी चालणारे विनोबा

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. संस्कृत गीता त्यांना समजत नसे. त्या १९१८ साली वारल्या. पुढे विनोबांनी मराठीत ‘गीताई’ रचली, पण ऐकायला आई नव्हती. भगिनींनो, हे मनाला फार लागते.

१९५१ साली पोचमपल्लीस शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. मग तेरा वर्षे विनोबा गावोगाव पायीच हिंडले. पोटाचे दुखणे असूनही पहाटे कंदिलाच्या उजेडात निघत. सायंकाळी मुक्कामी प्रार्थना. मोटारीतून एवढी अंगणे कशी दिसली असती? मे १९५८ मध्ये ते पंढरीस पोहोचले. इतर धर्मांच्या सोबत्यांसह विठोबापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांना अश्रू आवरेनात.