डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी : बंद दारे उघडणारे जीवन

एखाद्या रोगावर उपचार निघाला की तो रोग हटला, असे आपण धरून चालतो. पण उपचार आणि रोगी यांच्यामध्ये पुष्कळ दारे असतात. कुठे पैशाचे दार, कुठे अंतराचे, कुठे लाजेचे, तर कुठे अज्ञानाचे. त्यांतले एकही बंद राहिले तर उपचार असून नसल्यासारखाच. स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाबाबत तर हे फारच खरे आहे. ही दारे उघडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचे मी योजले आहे. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई ही नावे आपल्याकडे सर्वांच्या ओठांवर असतात. तामिळनाडूत मुथुलक्ष्मीबाईंचे नाव तसेच आदराने घेतले जाते. पण आमच्या वर्गात मी विचारून पाहिले, तेव्हा दोघी-तिघींखेरीज कोणालाच ते ठाऊक नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या १८८६ सालच्या मार्चमध्ये आनंदीबाईंना अमेरिकेत डॉक्टरची पदवी मिळाली, त्याच वर्षी ३० जुलै रोजी पुदुकोट्टै या दक्षिणेतील लहानशा संस्थानात मुथुलक्ष्मीबाईंचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासींच्या समाजातली. या विवाहामुळे वडिलांना त्यांच्या नातलगांनी दूर केले. म्हणजे मुलीच्या वाट्याला घरात विद्या आली आणि घराबाहेर अवहेलना. मुलगी वयात आली की शाळा बंद, हा त्या काळचा शिरस्ता. त्याप्रमाणे त्यांचीही शाळा सुटली. पण वडिलांनी घरी शिकवणी ठेवली आणि त्या बाहेरून मॅट्रिकला बसून उत्तीर्ण झाल्या.

पुढे प्रश्न आला कॉलेजचा. ते कॉलेज मुलांचे होते. एक मुलगी, तीही देवदासीच्या पोटची, आपल्या मुलांबरोबर बसणार म्हणून पालक खवळले. आपली मुले काढून घेण्याची धमकी काहींनी दिली. परंतु संस्थानच्या राजेसाहेबांनी विरोध बाजूला सारून त्यांना प्रवेश दिला. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या प्रवेशाच्या वेळी गावात चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या गेल्या, एवढेच. एका मुलीसाठी सारे गाव राजाच्या दारी तक्रार घेऊन जाते, तेव्हा त्या मुलीच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना मला पुरती करवत नाही.

१९०७ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ साली सन्मानाने पदवी घेऊन बाहेर पडल्या. मद्रासच्या सरकारी प्रसूती इस्पितळात हाऊस सर्जन म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने आपल्याला बरोबरीच्या नात्याने वागवावे आणि आपल्या कामात आडकाठी आणू नये, अशी अट त्यांनी आधीच घातली होती. ती डॉ. रेड्डींनी मान्य केली आणि पाळली.

सुखाने डॉक्टरी करीत संसार करावा, असे सारे जुळून आले होते. पण १९२३ साली त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने दगावली. रोगाचे निदान वेळेवर झाले नव्हते. दुसराच आजार समजून उपचार चालू राहिले आणि खरे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. थोरली बहीण स्वतः नामवंत डॉक्टर असूनही काही करू शकली नाही. ही बोच त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही. पुढच्या साऱ्या कार्याचे मूळ या मृत्यूत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९२५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर स्त्रिया व मुले यांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या कर्करोग इस्पितळातही त्यांनी काम पाहिले. या इस्पितळाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. विल्यम मार्सडेन नावाच्या डॉक्टरची पत्नी कर्करोगाने वारली. त्याने १८५१ साली केवळ या रोगासाठी इस्पितळ काढले आणि ते गरिबांना विनामूल्य ठेवले. आज ते रॉयल मार्सडेन या नावाने जगप्रसिद्ध आहे. घरातल्या एका मृत्यूने पेटलेला माणूस परक्यांसाठी दार उघडतो, हे मुथुलक्ष्मीबाईंनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

त्या काळात स्तनाच्या कर्करोगाला मुख्यतः शस्त्रक्रिया हाच उपाय होता. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकीत. रेडियमचा वापर नुकताच सुरू झाला होता. १९२६ सालीच जॅनेट लेन-क्लेपन या इंग्रज डॉक्टरबाईंनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० स्त्रियांची तुलना करून एक अहवाल प्रसिद्ध केला. रोगाच्या कारणांचा असा पद्धतशीर शोध घेण्याचा तो पहिलावहिला प्रयत्न मानला जातो. गाठ लहान असताना, रोग पसरण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर स्त्रिया कितीतरी अधिक वर्षे जगतात, हेही अशा अभ्यासांतून पुढे आले. थोडक्यात, हा रोग म्हणजे मृत्यूचा हुकूम नव्हे. वेळेवर येणारी बाई वाचू शकते. प्रश्न एवढाच, की ती वेळेवर येणार कशी?

भारतात परतल्यावर त्यांच्यापुढे निराळेच क्षेत्र उघडले. मद्रास विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १९२७ साली त्या एकमताने उपाध्यक्ष झाल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील विधिमंडळात बसणारी ती पहिली स्त्री. तेथे त्यांनी देवदासी प्रथा बंद करण्याचा प्रश्न लावून धरला. ज्या समाजात आपली आई जन्मली, त्या समाजातील मुलींना देवाच्या नावाने वाहून टाकणे त्यांना पाहवत नव्हते. १९३० साली गांधीजींना अटक झाली तेव्हा निषेध म्हणून त्यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. देवदासीविरोधी कायदा मद्रास प्रांतात पूर्णपणे मंजूर झाला तो १९४७ साली. दरम्यान निराधार मुलींसाठी त्यांनी आपल्या घरातच आश्रय सुरू केला. त्यातूनच 'अव्वै होम' ही संस्था उभी राहिली.

हे विषयांतर वाटेल, पण तसे ते नाही. स्त्रीचे शरीर ही तिची स्वतःची गोष्ट आहे, तिच्याबद्दल तिला बोलता आले पाहिजे, हे जोवर समाज मान्य करीत नाही, तोवर छातीतली गाठ ती कोणाला दाखवणार? आमच्या भावकीतल्या एका काकूंचे असेच झाले. आंघोळ करताना हाताला गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून त्या गप्प राहिल्या. परक्या पुरुषाला छाती दाखवायची कशी, ही लाज. सून काय म्हणेल, हा संकोच. सुगी उरकू दे मग पाहू, हा विचार. वर्ष गेले. गाठ फुटली तेव्हा तालुक्याला नेले, तेथून मोठ्या शहरात. इंजेक्शनांच्या दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला दोन माणसांचे एसटीचे भाडे, दोन दिवसांची मजुरी बुडालेली, मुक्कामाला जागा नाही. तिसऱ्या फेरीला त्या गेल्याच नाहीत. औषध शहरात होते आणि काकू गावात. मुथुलक्ष्मीबाईंचे चरित्र वाचताना मला पानोपानी काकू आठवत होत्या.

१९३५ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या शतसांवत्सरिक समारंभात मुथुलक्ष्मीबाईंनी कर्करोगाचे स्वतंत्र इस्पितळ काढण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा देशात असे एकही इस्पितळ नव्हते. मुंबईत परळला टाटा स्मारक इस्पितळ उघडले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. योगायोग पाहा, तेही मेहेरबाई टाटा यांच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर पतीने पाहिलेले स्वप्न होते. पण टाटांमागे संपत्ती होती. मुथुलक्ष्मीबाईंमागे होती ती महिलांची एक संघटना आणि त्यांचे स्वतःचे नाव. दाराशी जाऊन वर्गणी मागायची, सरकारदरबारी अर्ज करायचे, असे सतरा-अठरा वर्षे चालले. या रोगाने माणसे मरतातच, मग इस्पितळ हवे कशाला, असे एका मंत्र्याने त्यांना ऐकवले होते म्हणतात. हे बोलणे कानांवर घेऊनही त्या मागे हटल्या नाहीत. बहिणीचे मरण पाहिलेल्या बाईला हे पटणार तरी कसे?

अखेर १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी 'कॅन्सर इन्स्टिट्यूट'चे काम सुरू झाले. भव्य इमारत नव्हती. साध्या झोपड्या आणि १२ खाटा, एवढाच पसारा. मुथुलक्ष्मीबाईंचे वय तेव्हा ६७. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती यांनी स्वतःचा फायदा न पाहता या कामाला वाहून घेतले. १९५५ साली डॉ. व्ही. शांता ही तरुण डॉक्टर येऊन मिळाली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिली. पैसा नाही म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही, ज्याला झेपेल त्याने द्यावे, न झेपेल त्याने देऊ नये, हे तत्त्व संस्थेने पहिल्यापासून धरले. १९५६ साली मुथुलक्ष्मीबाईंना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १२ खाटांची ती संस्था शेकडो खाटांची झाली.

आज परिस्थिती काय आहे? जागतिक आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. भारतीय स्त्रियांत आता हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. उपचार मात्र किती पुढे गेले! साऱ्यांचाच स्तन काढावा लागत नाही. किरणोपचार आहेत, गोळ्या आहेत. ट्रॅस्टुझुमॅब हे औषध एका विशिष्ट प्रकारच्या गाठीवर चांगले चालते. ते अमेरिकेत १९९८ साली आले, पण त्याची किंमत ऐकूनच आपल्याकडची माणसे घरी परतत. भारतीय कंपनीने त्याच धर्तीचे स्वस्त औषध बाजारात आणले २०१४ साली. म्हणजे मधली सोळा वर्षे औषध जगात होते, गरीब बाईसाठी नव्हते.

नवी औषधे माणसांवर पारखून पाहण्यासाठी वैद्यकीय चाचण्या घेतात. चाचणी म्हटले की आपल्याकडे उंदरासारखे वापरतील ही भीती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच २००९ पासून अशा प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणे सक्तीचे झाले आहे आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत सारी माहिती देऊन संमती घ्यावी लागते. परंतु चाचणीत सामील होता येणे हीही कधी कधी उपचाराची वाट असते, आणि ती नोंदवही इंग्रजीत आहे. गावातली बाई ती वाचणार कशी?

शिवाय कोणती चाचणी घ्यायची हे ठरवतो कोण, यालाही महत्त्व आहे. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती बधिर करण्याचे साधे इंजेक्शन द्यायचे, इतकेच. दात काढताना देतात तेच औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत शेकडा ८६.४, तर दिलेल्यांत ९०.१ होते. इतक्या स्वस्त औषधावर पैसा खर्चून चाचणी घ्यायला कोणती कंपनी पुढे येईल? ती घेतली सार्वजनिक इस्पितळांनी. गरिबांसाठी उघडलेली इस्पितळे देशात असावी लागतात, ती यासाठीही. मुथुलक्ष्मीबाईंनी झोपडीत मांडलेल्या १२ खाटांचा अर्थ मला येथे नीट उमगला.

मित्रमैत्रिणींनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या हातून शस्त्रक्रिया होणार नाही की औषधाचा शोध लागणार नाही. पण लाजेचे आणि अज्ञानाचे दार उघडायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आपल्या आईला, काकूला, मावशीला गाठीविषयी विचारणे, तिच्याबरोबर तपासणीला जाणे, इंग्रजीतला कागद तिला मराठीत वाचून दाखवणे, सरकारी योजनेचा अर्ज भरून देणे, एवढे तर आपल्याला येते. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच शिकलेले आहेत. कोणीतरी आपल्यासाठी दार उघडले म्हणून आपण आत आलो. त्या दारातून आपल्या मागून आणखी कोणाला आत घेता आले, तर शिक्षणाचे चीज झाले. पुदुकोट्टैच्या त्या मुलीने आयुष्यभर हेच केले. तिच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.