किल्ल्याच्या भिंतीआतले राज्य

जलप्रदूषण कायद्यातील अनेक गुन्ह्यांची कैद २०२४च्या दुरुस्तीने गेली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. इतर राज्यांना ही दुरुस्ती विधानसभेच्या ठरावाने स्वीकारता येते. ती चर्चा वाचताना मला तंजावरचे सरफोजीराजे भोसले आठवतात.

१७७७ साली जन्मलेल्या सरफोजींना तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, दत्तक घेतले. गादी मात्र अमरसिंगांकडे गेली. मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केला. १७९८ मध्ये कंपनीने त्यांना गादीवर बसविले आणि पुढच्याच वर्षी तह करून कारभार काढून घेतला. राजांकडे उरला तो किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

सरस्वती महालातील पोथ्या आणि धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी मराठी वाचकाला ठाऊक आहेत. त्यांच्या नगरव्यवस्थेविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. तंजावरातील तलाव, विहिरी आणि भुयारी गटारे यांचे श्रेय त्यांना दिले जाते. आपल्या शहरांची आजची स्थिती पाहता, ग्रंथालयाइतकेच हे कामही मला मोठे वाटते.

परंतु गटार कुठे तरी बाहेर पडतेच. किल्ल्याबाहेर कावेरी, वेण्णार आणि त्यांचे असंख्य पाट होते. तिथे राजांचा हुकूम चालत नव्हता, कलेक्टरचा चालत होता. या प्रदेशात पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. त्यामुळे वर मिसळलेली घाण पाटाच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचते. पावसात गटारे तुंबून वाहतात. उन्हाळ्यात ती घाण विरळ करायला नदीत पाणीच नसते. खालच्या गावकऱ्याला शहराच्या महापालिकेत मत नाही. महापालिका, जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या हद्दी आजही निरनिराळ्या आहेत. नव्या तरतुदीतील दंड पर्यावरण संरक्षण निधीत जमा होतो. ज्याच्या भातात मैला शिरला, त्या शेतकऱ्याला तो मिळेलच असे नाही. कैद असावी की दंड, या वादात हा प्रश्न दुर्लक्षित राहिला, असे माझे मत आहे.

१८२०च्या सुमारास सरफोजीराजे काशीयात्रेला निघाले. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना वारले, तेव्हा कंपनीने राज्य खालसा केले आणि किल्ला व बाहेरचे पाट पुन्हा एकाच सत्तेखाली आले.