कर्नल लँब्टन ह्यांची राखून ठेविलेली साखळी

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें कर्नल विल्यम लँब्टन ह्यांची कबर आहे. ते मिशनरी नव्हते, सैन्यांतील अंमलदार होते. तरी त्यांच्या चरित्रांत आम्हां ख्रिस्ती जनांस घेण्याजोगा धडा आहे.

इंग्लंडांत यॉर्कशायर प्रांतीं गरीब घरांत त्यांचा जन्म झाला. हिंदुस्थानच्या अचूक मोजणीचें काम त्यांनीं हातीं घेतलें, आणि ता. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासेजवळ, प्रेषित थोमा ह्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या डोंगरापाशीं, पायाभूत रेषा मोजण्यास आरंभ केला. रेषा सुमारें साडेसात मैलांची, आणि माप शंभर फुटी पोलादी साखळीचें. परंतु पोलाद उष्णतेनें वाढतें. पारा वीस अंश फॅरनहाइट चढला, तर अशी साखळी इंचाच्या सुमारें सातव्या भागाइतकी लांबते. एवढीशी चूक ती काय, असें कोणी म्हणेल. पण साखळी चारशें वेळां टाकिली म्हणजे तीच चूक जवळजवळ पांच फुटांची होते! म्हणून साहेब साखळी लांकडी पेट्यांत ठेवून मोजीत, जवळ उष्णतामापक ठेवीत, आणि दुसरी साखळी केवळ ताडून पाहण्यासाठीं राखून ठेवीत. १८०४ सालीं बंगळूरजवळ दुसरी रेषा मोजिली, तेव्हां गणितानें आलेली लांबी व प्रत्यक्ष माप ह्यांत चार इंचांहूनही कमी अंतर आढळलें.

१८०८ सालीं तंजावरास त्यांची परीक्षा झाली. कोन मोजण्याचें थिओडोलाइट यंत्र, वजन सुमारें अर्धा टन, देवळाच्या उंच शिखरावर चढवीत असतां दोर तुटला, व यंत्र भिंतीवर आदळून त्याचें वर्तुळ वांकडें झालें. वांकडें यंत्रही कोन दाखवितें, पण खोटा दाखवितें. साहेबांनीं एकांतीं बसून तें सुटें केलें, फळींत योग्य मापाचें वर्तुळ कापून घेतलें, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या ह्यांच्या योगें यंत्राचें वर्तुळ हळूहळू पूर्ववत् केलें. सहा आठवडे गेले. पण खोटें माप घेतलें गेलें नाहीं.

१८२३ सालच्या जानेवारी महिन्यांत, मोजणीच्याच कामावर नागपुराकडे जात असतां, हिंगणघाटास त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, आपणही रोज मापें घेतों : ताजव्यानें धान्याचीं, मनानें शेजाऱ्याचीं. राग, लोभ, भाऊबंदकी ह्यांच्या उन्हानें आपलें मन केव्हां वाढलें, हें आपणांस कळत नाहीं. उपदेशकांसही कळत नाहीं. प्रभूचें वचन ही आपली राखून ठेविलेली साखळी होय. तिच्याशीं मन नित्य ताडून पाहावें, आणि वांकडें आढळल्यास, हातचें काम थांबलें तरी, आधीं तें सरळ करून घ्यावें.