कंपवाताचे अभ्यासक जेम्स पार्किन्सन

लंडनच्या हॉक्स्टन भागात ११ एप्रिल १७५५ रोजी जेम्स पार्किन्सन यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणेच त्यांनीही याच वस्तीत वैद्यकी केली. संसदेत सामान्यांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून त्यांनी टोपणनावाने पत्रके लिहिली. जीवाश्मांच्या अभ्यासातही ते रमले.

१८१७ साली त्यांनी कंपवातावरील निबंध प्रसिद्ध केला. त्याला आधार होता केवळ सहा रुग्णांचा. त्यांतील काही तर रस्त्यात भेटलेले. त्यांची त्यांनी थांबून विचारपूस केली. विसावलेल्या हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर, घाईची लहान पावले ही सारी एकाच आजाराची लक्षणे आहेत, हे त्यांनी ओळखले. कारण मात्र त्यांना उमगले नाही. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होतो, हे विसाव्या शतकात उलगडले. आजार समूळ बरा होत नसला, तरी औषधांनी लक्षणे बरीच आटोक्यात ठेवता येतात.

२१ डिसेंबर १८२४ रोजी ते निवर्तले, तेव्हा तो निबंध फारसा कोणाच्या स्मरणात नव्हता. पुढे फ्रेंच वैद्य शार्को यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. त्यांचा जन्मदिन आज जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. थरथरणारा प्रत्येक हात केवळ वार्धक्याचा नसतो, ही जाण त्यांनी जगाला दिली.