कागदावर नसलेला मालक

अमेरिकेत १९२८-३० सालची एखादी कॅडिलॅक विक्रीला आली, काचा जाड निघाल्या आणि दारात पोलादी पत्रा सापडला, की ती अल कपोनची असल्याची कुजबुज सुरू होते. नाव चिकटलं की भाव चढतो. गंमत अशी, की कुठलीही वस्तू आपल्या नावावर दिसू नये, यासाठी या गृहस्थानं हयातभर खटपट केली.

कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आईवडील इटलीतून आलेले, वडील न्हावी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे एका बारमध्ये एका मुलीला वावगं बोलला, तेव्हा तिच्या भावानं गालावर सुरी चालवली. फोटोत तो डावा गाल लपवू पाहायचा. जॉनी टोरिओच्या मागोमाग तो शिकागोला गेला. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि चोरट्या दारूला सोन्याचा भाव आला. १९२५ मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानं अंग काढून घेतलं आणि सव्वीस वर्षांचा कपोन टोळीचा म्होरक्या झाला. छापील कार्डावर मात्र तो जुन्या फर्निचरचा व्यापारी होता!

फेब्रुवारी १९२९ मध्ये एका गॅरेजात सात माणसं भिंतीशी उभी करून मारली गेली. संशय त्याच्यावरच होता, पण तो त्या वेळी फ्लोरिडात होता. खून अंगाला लागेना, तेव्हा सरकारनं प्राप्तिकराचा फास टाकला. तेही सोपं नव्हतं. बँकेत त्याच्या नावाचं खातं नाही, विवरणपत्र नाही, फ्लोरिडातलं घर बायकोच्या नावावर. आमच्या बँकेत असा अर्जदार आला असता, तर पहिल्याच टेबलावरून परत गेला असता. अखेर तपासनीस फ्रँक विल्सनच्या हाती जुगाराच्या अड्ड्याची एक हिशेबवही लागली. त्यानं तिच्यातलं अक्षर जुळवून लिहिणारा कारकून शोधून काढला. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली. १९३४ मध्ये त्याची रवानगी अल्काट्राझला झाली. जुन्या सिफिलिसनं मेंदू पोखरला. १९३९ मध्ये तो सुटला आणि २५ जानेवारी १९४७ रोजी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला.

त्याच्याकडे चिलखती कॅडिलॅक होती, हे खरं. पण ज्यानं सगळंच दुसऱ्याच्या नावावर ठेवलं, त्याची मोटार कागदांवरून ओळखायची कशी? दावा सिद्ध होत नाही, तसा खोटाही ठरत नाही. विकणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं! पर्ल हार्बरनंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट कपोनच्या जप्त मोटारीतून फिरले, ही कथाही अशीच. इतकी वर्षं सांगितली जाते, पण तिला पुरावा कुणी दिलेला नाही. १९८६ मध्ये त्याची म्हणून एक तिजोरी दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण करून फोडली, तर आत माती आणि रिकाम्या बाटल्या!

तरी गिऱ्हाईक हटत नाही. २०१२ मध्ये त्याची म्हणून एक हिरवी-काळी कॅडिलॅक ३ लाख ४१ हजार डॉलरना गेली. २०२१ मध्ये त्याच्या नातींनी घरातल्या वस्तू लिलावात काढल्या. त्यातल्या एका पिस्तुलालाच ८ लाख ६० हजार डॉलर आले, दोन मोटारींहून जास्त.