आयन रँड : तत्त्वचिंतनात्मक कादंबरी आणि चित्रपटाचा पडदा

साहित्यकृतीच्या चित्रपटीय माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा मूळ कृतीवरील निष्ठेच्या अंगाने होते. लेखकाचे किती राखले आणि किती गाळले, याचा ताळेबंद मांडला की ती चर्चा संपते. परंतु आपला एकही शब्द बदलला जाऊ नये हा आग्रह लेखकाने धरला आणि तो मान्यही झाला, तर निष्पत्ती काय होते, हे तपासता यावे अशी उदाहरणे फार थोडी आहेत. आयन रँड (१९०५–१९८२) यांचे जीवन हे त्यांतील एक ठळक उदाहरण होय. त्यांचे अनुयायी आणि टीकाकार दोघेही त्यांच्याकडे व्यक्तिवादी विचारसरणीच्या प्रवक्त्या म्हणून पाहतात. या लेखिकेची घडण मुळात चित्रपटसृष्टीत झाली होती, ही गोष्ट या वादात मागे पडते.

रँड यांचे मूळ नाव अलिसा रोझेनबाउम. २ फेब्रुवारी १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते होते. क्रांतीनंतर त्यांचे दुकान सरकारजमा झाले आणि कुटुंबाला काही काळ क्रिमियात आश्रय घ्यावा लागला. पेट्रोग्राडला परतल्यावर अलिसा यांनी विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला व १९२४ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी त्यांनी तेथील चित्रपटकलेच्या शासकीय संस्थेत प्रवेश घेतला. पटकथालेखन शिकावे हा त्यामागचा हेतू होता. त्यांचे पहिले प्रकाशित लेखन म्हणजे पोला नेग्री या अभिनेत्रीवरील पुस्तिका. त्या काळात त्या पाहिलेल्या चित्रपटांच्या नोंदी ठेवीत. फ्रित्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचे चित्रपट त्यांना विशेष प्रिय होते. पडद्यावरचे जग हे त्यांच्या दृष्टीने मनोरंजन नव्हते, तर सोव्हिएत दैनंदिनीतून दिसणारी बाहेरची एकमेव खिडकी होती.

१९२६ च्या आरंभी नातेवाइकांना भेटण्याच्या निमित्ताने त्या अमेरिकेत पोहोचल्या. शिकागोत काही महिने काढून त्यांनी हॉलिवूड गाठले. तेथे सेसिल बी. डीमिल या विख्यात दिग्दर्शकाशी गाठ पडली, ‘द किंग ऑफ किंग्ज’ या चित्रपटात गर्दीतील किरकोळ काम मिळाले आणि पुढे कनिष्ठ पटकथाकाराची जागाही मिळाली. याच चित्रपटाच्या सेटवर भेटलेले अभिनेते फ्रँक ओ’कॉनर हे नंतर त्यांचे पती झाले. डीमिल यांच्याकडे असताना एका गगनचुंबी इमारतीच्या बांधकामावरील कथा त्यांच्याकडे पटकथेसाठी आली होती. तो चित्रपट त्यांच्या आराखड्याप्रमाणे झाला नाही. पण ‘द फाउंटनहेड’चे एक दूरचे बीज त्या कामात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय ठरते. जी कादंबरी पुढे पडद्यावर आणणे इतके अवघड गेले, तिची पहिली चाहूल लेखिकेला चित्रपटाच्याच कामात लागली होती.

पुढील काही वर्षे कष्टाची होती. आरकेओ स्टुडिओच्या वेशभूषा विभागात नोकरी, रात्री लेखन, असा क्रम होता. १९३२ मध्ये ‘रेड पॉन’ ही कथा युनिव्हर्सल स्टुडिओने विकत घेतली आणि नोकरी सोडणे शक्य झाले. सोव्हिएत रशियातील स्वानुभवावर आधारलेली ‘वुई द लिव्हिंग’ ही पहिली कादंबरी १९३६ मध्ये आली. तिचे अमेरिकेत थंडे स्वागत झाले.

याच कादंबरीवर लेखिकेच्या अपरोक्ष एक चित्रपट निर्माण झाला. १९४२ मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू असताना, फॅसिस्ट इटलीत दिग्दर्शक गोफ्रेदो अलेस्सांद्रिनी यांनी कोणतीही परवानगी न घेता ही कथा चित्रित केली. आलिदा वाल्ली आणि रोस्सानो ब्रात्सी यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. चित्रपट इतका लांबला की तो ‘नोई विवी’ आणि ‘अद्दीओ किरा’ अशा दोन भागांत प्रदर्शित करावा लागला. प्रेक्षकांनी तो उचलून धरला. साम्यवादविरोधी म्हणून मान्य झालेली ही कथा खरे तर प्रत्येक हुकूमशाहीच्या विरोधात आहे, हे लक्षात आल्यावर सरकारने त्यावर बंदी घातली. या घडामोडींचा रँड यांना त्या वेळी पत्ताही नव्हता.

१९४३ मध्ये ‘द फाउंटनहेड’ प्रसिद्ध झाली. डझनभर प्रकाशकांचा नकार पचवून आलेली ही कादंबरी वाचकांच्या तोंडी शिफारशीवर पसरत गेली. वॉर्नर ब्रदर्सने तिचे चित्रपटहक्क ५०,००० डॉलरला घेतले आणि पटकथा लिहिण्याचे काम लेखिकेवरच सोपवले. ओ’कॉनर दांपत्य पुन्हा कॅलिफोर्नियात आले. त्यांनी तेथे घेतलेले घर रिचर्ड नॉयट्रा या आधुनिक वास्तुविशारदाने जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या चित्रपट-दिग्दर्शकासाठी बांधलेले होते. वास्तुकला आणि चित्रपट यांचा हा योगायोग चरित्रकारांना मोह पाडणारा आहे. युद्धामुळे निर्मिती रखडली. दरम्यान रँड यांनी निर्माते हॅल वॉलिस यांच्यासाठी ‘लव्ह लेटर्स’सारख्या पटकथा लिहिल्या. अखेर १९४८ मध्ये किंग व्हिडोर यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रीकरण झाले. हॉवर्ड रोआर्कच्या भूमिकेत गॅरी कूपर होते, तर डॉमिनिकच्या भूमिकेत पॅट्रिशिया नील. कूपर यांची निवड रँड यांच्या मनासारखी होती.

सातशे पृष्ठांच्या कादंबरीतून ११४ मिनिटांचा चित्रपट काढताना रँड यांनी स्वतःच्या कृतीवर निर्दयपणे कात्री चालवली. डॉमिनिकचा पीटर कीटिंगशी झालेला विवाह त्यांनी काढून टाकला आणि त्या जागी केवळ वाङ्निश्चय ठेवला. कादंबरीत मनाने संपून जिवंत राहणारा वृत्तपत्रसम्राट वायनँड चित्रपटात आत्महत्या करतो. कथानकाच्या बाबतीत त्या कुणाही व्यावसायिक पटकथाकाराइतक्या व्यवहारी होत्या. मात्र न्यायालयातील रोआर्कच्या भाषणाचा प्रश्न येताच त्यांची भूमिका पालटली. हे भाषण जसेच्या तसे चित्रित व्हावे, असा त्यांचा हट्ट होता. व्हिडोर यांना ते आखडते घ्यावयाचे होते. वाद थेट स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर यांच्याकडे गेला आणि निर्णय लेखिकेच्या बाजूने लागला. जवळजवळ सहा मिनिटे एक पात्र न्यायालयात उभे राहून बोलते, अशी ही दुर्मिळ घटना त्या काळच्या व्यावसायिक चित्रपटात घडली.

हा विजय फलदायी का ठरला नाही, याचे उत्तर भाषणाच्या लांबीत नाही, ते त्याच्या आधीच्या भागात आहे. कादंबरीतील रोआर्क हा मितभाषी पुरुष आहे. शेकडो पृष्ठे वाचक त्याचे मौन ऐकत असतो. त्याच्याविषयी जे कळते ते निवेदकाकडून. म्हणून अखेरीस तो बोलू लागतो तेव्हा साठलेले मौन फुटते. चित्रपटाला हा निवेदक उपलब्ध नाही. त्याचे काम पटकथेने पात्रांच्या मुखी वाटून दिले, आणि परिणामी प्रत्येक पात्र पहिल्या प्रसंगापासून स्वतःच्या भूमिकेचे स्पष्टीकरण देऊ लागले. आरंभीच रोआर्कची पाठमोरी आकृती दिसते आणि समोरची माणसे एकामागून एक येऊन आपापले तत्त्व त्याला ऐकवून जातात. अशा वाचाळ जगात न्यायालयातील भाषण हा कळसबिंदू न राहता आणखी एक वक्तव्य ठरते. शब्द अक्षरशः राखले गेले; त्यांना अर्थ देणारे मौन मात्र राखता आले नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. रोआर्कच्या इमारती थोर आहेत, असे कादंबरी सांगते आणि वाचक आपल्या कल्पनेतील थोर इमारती तेथे उभ्या करतो. पडद्यावर इमारत दाखवावीच लागते. फ्रँक लॉइड राइट यांनी रेखाटने करावीत अशी रँड यांची इच्छा होती; पण त्यांनी मागितलेले मानधन स्टुडिओने नाकारले आणि कलादिग्दर्शक एडवर्ड कॅरेर यांनी ती तयार केली. वास्तुविशारदांनी त्यांची खिल्ली उडवली. प्रतिभेच्या स्वातंत्र्याचा सिद्धान्त ज्या वस्तूवर उभा, ती वस्तूच प्रेक्षकाला सामान्य वाटली तर युक्तिवाद कितीही बिनतोड असून उपयोग नसतो.

तरीही चित्रपटात जिवंत क्षण आहेत, आणि ते जवळजवळ सर्व निःशब्द आहेत. खाणीत यंत्राने दगड फोडणाऱ्या रोआर्ककडे वरून पाहत राहणारी डॉमिनिक, किंवा अखेरीस बांधकामाच्या उघड्या उद्वाहकातून वर वर जाणारी डॉमिनिक, येथे मूकपटाच्या काळात घडलेल्या व्हिडोर यांचा हात दिसतो. मजेची गोष्ट अशी की उद्वाहकाचा हा शेवट मूळ कादंबरीतलाच आहे. रँड यांच्यातील चित्रपटकार ‘तत्त्वज्ञ’ रँड यांच्या नकळत कादंबरीत वावरत होता. पटकथा लिहिताना मात्र तत्त्वज्ञ वरचढ झाला.

१९४९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी तो झोडपला. कादंबरीचा खप मात्र वाढला. आरंभी समाधानी असलेल्या रँड यांचे मत पुढे बदलले. दिग्दर्शक व पटकथाकार निवडण्याचा आणि संकलनाचा अधिकार मिळाल्याखेरीज पुन्हा कादंबरी विकायची नाही, असे त्यांनी ठरवले. दोष नियंत्रणाच्या अभावाचा आहे, हे त्यांचे निदान होते. ज्या भाषणावर त्यांचे पूर्ण नियंत्रण होते तेच चित्रपटात जड झाले आहे, हे त्या निदानात बसत नाही.

‘अ‍ॅटलस श्रग्ड’ (१९५७) हिच्या वेळी हीच समस्या अनेक पटींनी वाढली. तिच्यातील जॉन गॉल्टच्या नभोवाणी भाषणावर रँड यांनी दोन वर्षे खर्च केली होती. छापील पुस्तकात ते साठेक पृष्ठे व्यापते. प्रकाशकाची संक्षेपाची सूचना त्यांनी फेटाळली. १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’चे निर्माते अल्बर्ट रडी यांच्याशी चित्रपटासाठी बोलणी झाली, पण पटकथेवरील अंतिम अधिकार देण्यास ते तयार नव्हते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात एनबीसी दूरचित्रवाणीसाठी मालिकेची योजना झाली. स्टर्लिंग सिलिफंट यांनी पटकथा लिहिली. वाहिनीचे नेतृत्व बदलले आणि योजना बारगळली.

याच सुमारास त्या इटालियन चित्रपटाची पाळी आली. १९६८ मध्ये रँड यांच्या वकील-स्नेह्यांनी, हेन्री आणि एरिका होल्झर यांनी, त्याच्या प्रती इटलीत शोधून काढल्या. रँड यांनी त्याचे मनापासून कौतुक केले आणि डंकन स्कॉट यांच्यासह त्याच्या नव्या संकलनात भाग घेतला. फॅसिस्ट प्रचारासाठी घुसडलेली वाक्ये काढली, उपकथानके गाळली. ही कादंबरी पुढच्या दोन कादंबऱ्यांपेक्षा कथाप्रधान आहे आणि तिच्यातील विचार किरा या नायिकेच्या हालअपेष्टांत विरघळलेला आहे, हे येथे नोंदवलेच पाहिजे; त्यामुळे तुलना समपातळीवरची नाही. तथापि संकलनाच्या मेजावर बसलेल्या रँड यांना वाक्ये कापण्यात अडचण आली नाही. जे त्यांनी स्वतः लिहिलेले नव्हते, त्यातील अनावश्यक भाग त्यांना अचूक दिसत होता.

अखेरच्या वर्षांत ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ची दूरचित्रवाणी-पटकथा त्यांनी स्वतःच लिहावयास घेतली. ६ मार्च १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश काम झाले होते. गॉल्टचे भाषण कादंबरीच्या तिसऱ्या भागात येते. नवसंकलित ‘वुई द लिव्हिंग’ १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’वरील चित्रपट तीन भागांत २०११, २०१२ आणि २०१४ मध्ये आला. त्या तीन भागांत डॅग्नी टॅगार्टची भूमिका तीन निरनिराळ्या अभिनेत्रींनी केली, आणि साठ पृष्ठांचे ते भाषण शेवटच्या भागात काही मिनिटांत आटोपले.