डिझेल नावाचा माणूस

राधानगरीच्या स्टँडवर उतरलं की दोन वास नाकात शिरतात. एक कढईतल्या भज्यांचा आणि दुसरा नुकत्याच निघालेल्या एसटीच्या धुराचा. या दोन्ही वासांना जोडणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो, पण ते कुणाचं तरी आडनाव आहे हे लक्षातच येत नाही.

रुडॉल्फ डिझेल. जन्म १८ मार्च १८५८, पॅरिस. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम पोराकडे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल मंडळी लंडनला गेली. पैशाची तंगी, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते. तिथेच त्याने ठरवलं, आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे स्कॉलरशिपवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ॲडमिशन. ऐन परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला, परीक्षा हुकली. नंतर दिली ती मात्र अव्वल गुणांनी. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले, बर्फ बनवण्याच्या यंत्रांसाठी गाजलेले. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं, बाकी सगळी वाया जाते, हे त्याने त्यांच्या तासाला ऐकलं. ते त्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो ना? डिझेलचं इंजिन त्याच तत्त्वावर चालतं. हवा प्रचंड दाबली की ती इतकी तापते की त्यात इंधन फवारताच ठिणगीशिवाय पेट घेतं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या इंजिनात इंधन पेटलं. पेटलं म्हणजे भडकाच उडाला. दाब मोजायचं उपकरण फुटलं, माणसं थोडक्यात वाचली. नीट चालणारं इंजिन तयार व्हायला १८९७ उजाडलं. चाचणीत त्याची कार्यक्षमता सव्वीस टक्क्यांच्या वर भरली.

आता भज्यांच्या तेलाकडे येऊ. १० ऑगस्टला आपण जागतिक जैवइंधन दिन साजरा करतो. त्या दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं, असं कॉलेजच्या पोस्टरवर हमखास लिहिलेलं असतं. ते खरं नाही. १८९३ च्या त्या दिवशी इंजिनात खनिज तेलापासून काढलेलं इंधन होतं. शेंगतेलाचा प्रयोग झाला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. तोही ओट्टो कंपनीने मांडलेल्या एका छोट्या इंजिनावर, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा, तिथल्या तिथे इंधन मिळावं हा हिशोब. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेलं, तरी काही बदल न करता शेंगतेलावर चाललं.

डिझेलने पुढे स्वतःही असे प्रयोग केले. १९१२ मध्ये त्याने मांडलं की वनस्पती तेलाला आज किंमत नसली तरी काळाच्या ओघात ते खनिज तेलाइतकंच महत्त्वाचं ठरू शकतं. त्याला मुळात छोट्या कारागिराला परवडणारं यंत्र हवं होतं, म्हणजे मोठ्या कारखान्यांपुढे तो टिकेल. त्याच सुमारास इकडे शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं होतं. आपल्याकडे जे आहे त्यातूनच ताकद उभी करायची, हा विचार दोन्हीकडे दिसतो.

डिझेलच्या हयातीत मात्र त्याचं इंजिन मोठ्या कारखान्यांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत गेलं. पैसा आला तसा गेलाही. पेटंटचे वाद, जमिनीचे फसलेले व्यवहार, ढासळलेली तब्येत. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. जेवण करून केबिनकडे गेला आणि सकाळी बोटीवर नव्हताच. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय ५५. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद आहे.

छोट्या माणसाचं इंजिन मात्र नंतर आलंच. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि आपल्याकडे विहिरींवर, गुऱ्हाळांवर ऑइल इंजिनची धडधड ऐकू येऊ लागली.

मग भज्यांचं उरलेलं तेल थेट गाडीत ओतायचं का? अजिबात नको! वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याहून घट्ट असतं. आजच्या इंजिनाच्या बारीक इंजेक्टरमध्ये त्याचा काजळीसारखा थर बसतो. त्यात तळलेल्या तेलात पाणी आणि आम्लं असतात. म्हणून ते गाळून, मिथेनॉल आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीबरोबर त्याची प्रक्रिया करतात. साधारण १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉलपासून १०० किलोच्या आसपास बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. हे घरच्या किचनमध्ये करू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेटतं.

आपल्या हातात आहे ते तेल गोळा करणं. तळलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयचा नियम आहे. असं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी रुको ही योजनाही २०१८ पासून आहे. तरीही काळं पडलेलं तेल पुन्हा कढईत नाहीतर गटारात जाताना आपण बघतोच.

तेव्हा येत्या १० ऑगस्टला पोस्टर लावणार असाल तर आधी साल दुरुस्त करा. आणि मग कॅन्टीनच्या काकांना एवढं विचारा, की काका, कढईतलं उरलेलं तेल शेवटी जातं कुठे?